काळ्या कानांची परीक्षा

१

राधाकृष्णपंतांनी शाल ओढली आणि तिच्याखालून टेलिफोन निघाला. अर्धा.

भिंतीवर पेटी होती, तिचा फिरवायचा दांडा होता, वर घातलेला झेंडूचा हारही होता. रिसीव्हर मात्र त्याच्या दोरीसकट गायब होता. तो अडकवायचा आकडा, दात पडलेलं माणूस हसावं तसा दिसत होता.

"चोरी!" पंत ओरडले. मग नगरपालिकेचे हेडक्लार्क असल्याचं आठवून त्यांनी ते दुरुस्त केलं. "चोरी नव्हे. घातपात!"

तो शब्द ऐकला आणि मरियम एक पाऊल मागे सरकली. मिशनच्या शाळेत ती मास्तरीण होती आणि शब्दांना घाबरण्याची तिला सवय नव्हती. पण याच शब्दासाठी तिचा धाकटा भाऊ आमोस ऑगस्टपासून तुरुंगात होता. तारेच्या खांबापाशी त्याला पकडलं तेव्हा त्याच्या हातात पक्कड होती. आईला अजून आशा होती की ती पक्कड त्यानं कुणाची तरी परत द्यायला नेली असेल.

सन बेचाळीस सरत आलं होतं. नगरवर जपानी विमानं येणार असं सरकारला वाटत होतं. नगर कुठं आहे हे जपान्यांना ठाऊक आहे का, याची चौकशी कुणी केली नव्हती. दाळमंडईतल्या एका बंद अडतीच्या तळघरात हवाई हल्ला बचाव केंद्र उघडलं होतं. बाँब पडला की गावभरातून इथं फोन यायचे, आणि इथल्या माणसांनी ते ऐकून बंब, दवाखाना आणि पहारेकऱ्यांना कळवायचं, अशी योजना होती. माणसं लगेच मिळाली. फोन मिळाले नाहीत. म्हणून सुताराकडून बाभळीचे फोन करून घेतले, त्यांना रिसीव्हरच्या जागी लाकडी मुठी सुतळीनं बांधल्या, वर काळं बूटपॉलिश फासलं आणि पावसाळ्यापासून त्यांच्यावरच शिक्षण चालू केलं.

ते पॉलिश कानाला लागायचं. दाळमंडईतली पोरं केंद्रातल्या माणसांना 'काळकाने' म्हणत. मरियमची आई रोज संध्याकाळी वाटीत राख घेऊन उंबऱ्यावर बसायची आणि लेकीचा कान भांडं घासावं तसा घासायची.

आज सकाळी खराखुरा फोन बसला होता. आज परीक्षा होती. पुण्याचे साहेब लष्करी छावणीतून फोन करणार होते. खऱ्या हल्ल्यासारखं व्हावं म्हणून दार आज पहिल्यांदाच बाहेरून कुलूपबंद केलं होतं, फटींना ओली घोंगडी लावली होती आणि झरोक्यांवर कागद चिकटवले होते. विषारी वायू आत येऊ नये म्हणून. साधी हवाही आत येत नव्हती.

"पंत," कारभारी नावाचा पाथर्डीकडचा शिकाऊ गडी म्हणाला, "आता परीक्षा तर न्हाई. मग दार उघडाया सांगा."

"सांगतो," पंत म्हणाले. "गोरक्षनाथ वर चौकीत आहे. किल्ली त्याच्याकडे. नियमाप्रमाणे त्याला फक्त..."

त्यांची नजर पेटीवर गेली.

"फक्त काय?" मरियमनं विचारलं.

"फोन करायचा," पंत म्हणाले.

२

तो नियम हवालदार सूर्यभान यांचा होता. दार फक्त टेलिफोनच्या हुकमानं उघडायचं. "आतून कुनी किती बी ठोकू दे," त्यांनी गोरक्षनाथला बजावलं होतं, "ठोकाया शत्रूला बी येतं."

इतके दिवस या नियमानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. दार उघडंच असायचं. शिकाऊ माणूस लाकडी फोनमध्ये "दार उघडा!" म्हणून ओरडायचा, दारात बसलेला गोरक्षनाथ ते ऐकून सलाम ठोकायचा आणि उघडं दार उघडायचा. अख्ख्या केंद्रात एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की खऱ्या दाराला खरा फोन लागतो.

कारभारीनं दारावर लाथा घातल्या. वरून गोरक्षनाथ खणखणीत आवाजात ओरडला, "वळखलंय! शत्रू हाय!" आणि त्याच्या चपला चौकीकडे परत गेल्या.

"नियम पाळतो पोरगा," पंत अभिमानानं म्हणाले आणि मग त्यांनाच घाम फुटला.

पेटीचा दांडा फिरवून पाहिला. तिकडे एक्स्चेंजमध्ये घंटा वाजत असेलही, पण तिथल्या माणसानं "नंबर?" विचारलं तर ऐकायचं कशानं आणि सांगायचं कशात?

आत पाच जणं होती. पंत, मरियम, कारभारी, प्रथमोपचारासाठी नेमलेल्या सुईण रंगुबाई आणि मास्तर म्हणून हवालदार सूर्यभान. हवालदार अकोले तालुक्याच्या डोंगरातले. मागच्या महायुद्धात बसऱ्याला टेलिफोनच्या तारा टाकायचं काम केलेले. त्यांच्या शिस्तीचा गावभर दबदबा होता. "बोला! माज्याकडं बघून! त्वांड उघडून!" हा त्यांचा पहिला धडा. दुसरा धडा असा की, फोनवर ऐकलेलं प्रत्येक वाक्य त्यांच्याकडे तोंड करून मोठ्यानं पुन्हा म्हणायचं आणि मगच पुढचं ऐकायचं. सकाळी तारवाल्यांनी फोन जोडून घंटा वाजवून पाहिली, तेव्हा सगळी दचकून उभी राहिली. हवालदार फळ्याकडे तोंड करून लिहीत होते, ते लिहीतच राहिले.

"याला म्हणतात शिस्त," पंत तेव्हा म्हणाले होते.

तारवाले गेल्यावर पंतांनीच फोनवर शाल घातली, साहेबांच्या परीक्षेआधी उद्घाटन व्हावं म्हणून. मग बाहेरच्या चुलीवरचा चहा झाला. मग दार लागलं, लाकडी फोनवर शेवटचा सराव झाला आणि शाल निघाली.

"म्हणजे चहाच्या वेळी," पंत म्हणाले. "सगळी आत-बाहेर करत होतात. झडती!"

झडती झाली. खिसे, पिशव्या, वाळूच्या बादल्या, गॅसच्या मुखवट्यांचे डबे, पंतांची पगडी. रिसीव्हर कुठंच नव्हता. हवालदार पेटीकडे सरकले, तर पंतांनी हात आडवा करून त्यांनाही मागे सारलं, "पुराव्याला कुणी हात लावायचा नाही!"

"तळघराबाहेर गेला असणार," मरियम म्हणाली.

"अशक्य. चहाच्या वेळी गोरक्षनाथ दारातच होता. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची झडती घे, असं मीच त्याला सांगितलं होतं. त्यानं माझीही घेतली," पंत म्हणाले. "रिसीव्हर आत आहे. आणि चोरही."

कंदिलाची ज्योत एकदम बारीक झाली.

३

पंतांनी चौकशी सुरू केली. हात पाठीमागे बांधून ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत, आणि भिंतीकडे तोंड असतानाच प्रश्न विचारत. असं केलं की गुन्हेगार गडबडतो, असं त्यांचं मत होतं.

"रंगुबाई, तुमचा या फोनवर राग आहे हे खरं?"

"राग कशाला आसंल? पर मी इचारलं व्हतं एकदा. तारंवरनं बोलनं येतं, तर मग बाँब का न्हाई यायचा?"

पंतांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "उत्तर टाळू नका!" ते म्हणाले. "आणि आजच्या चहाला बुटाचा वास का येत होता?"

"सरपनच तसलं हुतं आज. लई धुरकटलं. आन् तुमी तर दोन कप पिला!"

"चौकशीचा भाग म्हणून," पंत म्हणाले. "कारभारी! तुला गावी पळून जायचं होतं."

"व्हय, अजून बी जायचंय. पर चोरी केली असती तर दार लागायच्या आदी पळालो नसतो का? मी काय येडा हाय?" कारभारीला रडू कोसळलं. "आज सकाळपास्नं आक्रीतच चाललंय. सरावात बी माजा हात जड झाला हुता. भ्याव वाटलं का हात जड हुतो. आमच्या आज्याचा झालता, तिसऱ्या दिशी ग्येला."

"रडू नकोस. हवा संपते." पंत वळले. "हवालदारसाहेब, आपल्याला काही दिसलं का?"

तेव्हा पंतांची पाठ हवालदारांकडे होती. हवालदार कोपऱ्यातल्या स्टुलावर ताठ बसून समोर बघत राहिले. 

"बरोबर आहे," पंत ओशाळून म्हणाले. "आपल्यासारख्यांना मी विचारणंच चूक." आणि ते मरियमपुढे येऊन थांबले.

"मरियमबाई. आता राहिलात तुम्ही. तुमच्या भावानं तारा कापल्या."

"माझ्या भावावर तसा आरोप आहे."

"तेच ते. आणि आज तुम्ही आहात त्याच केंद्रात फोन नासवला गेला. किल्ल्यात काँग्रेसचे एवढे मोठे पाहुणे कोंडलेले असताना! साहेबांना मी काय सांगू? साहेब आले, दार उघडलं की पहिलं वाक्य काय बोलायचं ते मी ठरवलंय, बाई. मला वाईट वाटतं. पण त्या वाक्यात तुमचं नाव आहे."

मरियमला राखेची वाटी दिसली. उंबऱ्यावर बसलेली आई दिसली. एक पोरगं आत, आता दुसरं.

तेवढ्यात घंटा वाजली.

टेलिफोनची. पेटीतली घंटा कुणी चोरली नव्हती. साहेबांची परीक्षा सुरू झाली होती आणि उचलायला रिसीव्हर नव्हता. रंगुबाईंनी कानांवर हात घेतले, पंतांनी पगडी घट्ट धरली, कारभारी पेटीपुढे हात जोडून "थांबा, थांबा" म्हणत राहिला.

आणि मरियमनं पाहिलं की तळघरात एक माणूस त्या पेटीकडे पाठ करून अगदी शांतपणे मिशीवरून बोट फिरवतो आहे.

४

घंटा थांबली.

"पुन्हा वाजवतील," पंत म्हणाले. "तेव्हाही उचलला नाही तर केंद्र नापास. हवा फार जड झाली. मुखवटे चढवा सगळ्यांनी!"

मुखवट्यानं हवा वाढत नाही, हे सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. सगळ्यांनी रबरी सोंडा चढवल्या. तळघरात पाच हत्ती उभे राहिले.

मरियम पेटीपाशी गेली. रिसीव्हरची दोरी जिथं जोडलेली असते तिथले स्क्रू तिनं बोटानं चाचपले. ते जागच्या जागी होते आणि पुन्हा घट्ट पिळलेले होते. कापणारा कापतो आणि पळतो. आमोस असता तर त्यानं पकडीनं तोडलं असतं. देवा, क्षमा कर, पण तोडलंच असतं. स्क्रू काढून, दोरी सोडवून, ते हरवू नयेत म्हणून परत लावणाऱ्या माणसाला हा फोन उद्या पुन्हा जोडायचा होता. त्याला फक्त आजचा दिवस टाळायचा होता.

आजच्या दिवसात काय होतं? परीक्षा. मग परीक्षेला कोण भ्यालं होतं? सगळीच. पण...

ती वळली. हवालदार तिच्यापासून दोन पावलांवर होते. मुखवट्याच्या आतून ती स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, "हवालदारसाहेब, हलू नका. तुमच्या पायाशी विंचू आहे."

कारभारी टेबलावर चढला. रंगुबाई कारभारीवर चढल्या. पंत कुठं चढले ते अंधारात दिसलं नाही.

हवालदार सूर्यभान जागचे हलले नाहीत. पायाकडे त्यांनी बघितलंही नाही. ते एका सोंडेकडून दुसऱ्या सोंडेकडे बावरून पाहत होते, पूर आलेल्या नदीत उतार शोधावा तसे. मग एकदम त्यांनी आपला मुखवटा ओरबाडून काढला आणि ओरडले, "काढा! मुखवटं काढा! मुखवट्यात बोलायचं न्हाई, किती येळा सांगितलं!"

मरियमनं मुखवटा काढला. आता तिला चोर ठाऊक झाला होता. रिसीव्हर कुठं आहे, तेवढंच राहिलं होतं.

"विंचू कुठाय?" टेबलावरून कारभारीनं विचारलं. त्याचा चेहरा कंदिलाच्या अगदी जवळ आला होता.

मरियम त्याच्या कानाकडे बघत राहिली.

५

"रंगुबाई," ती म्हणाली, "आजच्या सरपणात वाकड्या मुठीचं काळं लाकूड होतं का?"

"व्हय की. दाराशी ढिगात पडलं हुतं. मला वाटलं मोडका दांडा हाय कशाचा तरी. बाभळीचं, चांगलं पेटलं."

"त्याचाच वास चहाला. बूटपॉलिशचा. तुम्ही एका लाकडी फोनची मूठ जाळलीत."

"पण मुठी तर सगळ्या जागेवर आहेत!" पंत म्हणाले. "दार लागल्यावर आपण सराव केला की त्यांच्यावर!"

"केला. माझा कान बघा पंत. काळा. रंगुबाईंचा काळा. तुमचाही, तुम्ही नको नको म्हणत असताना हवालदारांनी तुम्हालाही एकदा बोलायला लावलं म्हणून. आता याचा बघा."

पंतांनी कंदील उचलला. कारभारीचा कान उजेडात धुतल्या पेरूसारखा चमकत होता.

"साहेब येनार म्हून सकाळी राखेनं घासला हुता," कारभारी गुन्हा कबूल करावा तसा म्हणाला.

"आम्हीही घासला होता. पण सरावात आमचा पुन्हा काळा झाला. तुझा झाला नाही. आणि तुझा हात जड झाला होता. भीतीनं नाही रे. रिसीव्हर लाकडापेक्षा जड असतो."

सगळ्यांच्या माना कारभारीच्या, चार नंबरच्या लाकडी फोनकडे वळल्या. तो टेबलावर सगळ्यांच्या नाकासमोर होता. बादल्या, डबे, पगडी, सगळं शोधलं होतं. फोन शोधायला फोनकडे मात्र कुणी बघितलं नव्हतं, कारण ते फोन नाहीत हे तर प्रत्येकाला पाठ होतं.

"पण हे केलं कुणी?" पंत भिंतीकडे वळून गरजले. "बाई, जागा तुम्हाला ठाऊक, म्हणजे..."

मरियमनं त्यांचं बोलणं ऐकलं नाही. ती हवालदारांसमोर जाऊन उभी राहिली, कंदील तिनं स्वतःच्या तोंडाशी धरला आणि शिकवल्याप्रमाणे, त्यांच्याकडे बघून, तोंड उघडून, एकेक शब्द बोलली.

"पंत म्हणतात, रिसीव्हर मी चोरला. ते मला पोलिसांत देणार आहेत. माझा भाऊ आधीच आत आहे."

हवालदारांची नजर तिच्या ओठांवर होती. शेवटच्या शब्दाला त्यांचा चेहरा उतरला.

"तुमाला?" ते म्हणाले. "कवा म्हनले? मला... मला दिसलंच न्हाई."

ते उठले, टेबलाशी गेले आणि त्यांनी चार नंबरवरून रिसीव्हर उचलला.

६

"बसऱ्याला तोफेचा गोळा शेजारी पडला," हवालदार म्हणाले. त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर त्यांच्याच पट्ट्यातून निघाला होता. मास्तरांची झडती घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. "तवापास्नं काय बी ऐकू येत न्हाई. ओठ वाचतो. गावात कुनाला म्हाईत न्हाई. हितं मास्तर पायजे म्हून समजलं, आन् फोन लाकडाचं हायेत म्हून समजलं, तवा आलो. लाकडी फोन तुमाला बी बहिरा आन् मला बी. सगळी सारखी."

दोरी जोडली गेली, स्क्रू फिरले.

"आज साहेब मला फोनवर बोलवनार. म्हून म्हनलं, आजचा दिस टळू दे. रिसीव्हर चार नंबरला बांदला, त्याची मूठ दाराशी सरपनात टाकली, गोरक्षनाथला ते लाकूडच दिसलं. दार बंद व्हनार हे डोक्यातच न्हाई आलं. कदी बंद झालंच न्हाई की! मग परत लावाया बघत हुतो, तर पंत काय हात लावू देत न्हाईत."

"फसवणूक!" पंतांना अखेर वाचा फुटली. "सरकारची शुद्ध फसवणूक! बहिऱ्या माणसाला टेलिफोनचा मास्तर नेमणारा गाढव कोण, याची मी..."

"तुम्हीच नेमलंत, पंत," मरियम म्हणाली.

पंतांचा हात पगडीकडे गेला.

"समोरासमोर बसवून मुलाखत घेतलीत. प्रत्येक प्रश्नाला चोख उत्तर आलं, असं तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात. साहेब आल्यावर पहिलं वाक्य काय बोलणार आहात?"

पंतांनी पगडी काढून आत बघितलं, जणू ते वाक्य तिथं ठेवलं होतं. मग ती हळूच परत घातली.

"चोरी झालेलीच नाही," ते म्हणाले. "रिसीव्हर केंद्राच्या आवारातच, एका टेलिफोनला जोडलेल्या अवस्थेत होता."

आणि घंटा वाजली.

मरियमनं रिसीव्हर उचलला. तो खरंच जड होता. तिकडून तुटक्या हिंदुस्तानीत एक आवाज आला. तिनं हवालदारांकडे तोंड केलं आणि धडा गिरवावा तसं मोठ्यानं म्हटलं, "साहेब म्हणतात, मास्तरांशी बोलायचं आहे."

तिनं रिसीव्हर त्यांच्या तोंडापुढे धरला. हवालदारांचा आवाज तळघरात दणाणला, "हाजिर, साब!"

साहेब बोलत, मरियम ऐके, वाक्य तोंड उघडून पुन्हा म्हणे, आणि हवालदार उत्तर देत. पूर्वेला आग लागली, जखमी किती, बंब कुठला, रस्ता तुटला तर दुसरा कोणता. एकही उत्तर चुकलं नाही. शेवटी साहेबांनी काहीतरी विचारलं आणि मरियमचा आवाज जरा अडखळला.

"साहेब म्हणतात, तुमची माणसं प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणतात. इतर केंद्रांत तसं कुणी करत नाही, म्हणून तिथं घोटाळे होतात. हे कुणी शिकवलं?"

हवालदारांनी टाचा जुळवल्या.

"मैंने, साब," ते म्हणाले.

मग मरियमनं घाईनं रिसीव्हर स्वतःकडे ओढला. "साहेब, आम्ही खरंच आत अडकलो आहोत! हवा संपत आली आहे! दार उघडायला सांगा!"

ती ऐकत राहिली. तिकडून हसण्याचा आवाज बाकीच्यांनाही ऐकू आला. मग खट्.

"काय म्हनले?" कारभारीनं विचारलं.

"म्हणाले, शाब्बास. अगदी खरं वाटतं. पैकीच्या पैकी गुण."

मग तिनं दांडा फिरवून एक्स्चेंजकडे चौकी मागितली. गोरक्षनाथनं फोन उचलला. ती दार उघड म्हणाली आणि तिकडून काहीच उत्तर आलं नाही, कारण हुकूम ऐकल्यावर सलाम करायचा एवढंच त्याला शिकवलं होतं, आणि तो चौकीत एकटा उभा राहून फोनला सलाम करत होता. पण शेवटी किल्ली फिरली. घोंगडी बाजूला झाली, आणि मंडईतल्या मिरच्यांचा ठसका घेऊन का होईना, हवा आत आली.

सगळी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसली. हवालदार जरा बाजूला, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, उद्या बोलावणं येणार नाही असं ठरवून टाकलेल्या माणसासारखे.

त्यांच्या मागून गोरक्षनाथ म्हणाला, "हवालदारसाहेब, चा ठेवू का?"

हवालदार वळले नाहीत.

आधी रंगुबाई उठल्या. मग मरियम, मग कारभारी, आणि सगळ्यात शेवटी, इकडेतिकडे बघून, पंत. चौघं जाऊन त्यांच्यासमोर एका रांगेत उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघून, तोंडं उघडून, एकेक शब्द म्हणाली, "गोरक्षनाथ विचारतो, चहा ठेवू का?"

हवालदारांनी त्या चार तोंडांकडे एकेक करून पाहिलं.

"ठेव म्हनावं," ते म्हणाले. "पर आदी सरपन बघ म्हनावं."